मळ्यात हार्वेस्टर बोलावण्याआधी

गणपती उठले आणि हळवं भात पिवळं पडायला लागलं की वालावल, नेरूर, चेंदवण या पट्ट्यात घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. कापायला माणसं मिळत नाहीत, मुलं मुंबईला, उरलेल्यांची कंबर साथ देत नाही. तर हार्वेस्टर बोलावू का? पाठोपाठ बाकीचे प्रश्न येतात. यंत्र आमच्या कुणग्यात उतरेल का? पैसे तासावर द्यायचे की गुंठ्यावर? गुरांना गवत उरेल का? मेर फुटली, भात सांडलं, तर कोणाला धरायचं?

पहिली गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे हार्वेस्टर एकट्याने बोलावण्याची वस्तू नाही, तो अख्ख्या मळ्याने मिळून बोलवायचा. पाच-सहा घरांचे लागून असलेले कुणगे एका दिवशी कापायचे ठरले तर यंत्र परवडतं, वाटेचा प्रश्न सुटतो आणि दराची घासाघीस करायला तोंड राहतं. एकट्याच्या आठ-दहा गुंठ्यांसाठी यंत्र आणलं तर बहुतेक पैसा वळणांवर आणि ने-आणीवर जातो. पुढचं सगळं या धोरणाने वाचा.

आधी मळा फिरून बघा

यंत्रवाल्याला फोन करण्याआधी शेजाऱ्यांना घेऊन एक फेरी मारा आणि या गोष्टी लिहून काढा.

- वाट: पट्ट्यांवर चालणाऱ्या मध्यम हार्वेस्टरची कापणीची पातच सुमारे दोन मीटर रुंद असते. वाट तीन मीटर मोकळी हवी. मध्ये साकव असेल तर त्यावरून यंत्र नेण्याचा विचार सोडून द्या. अशा यंत्राचं वजन काही टनांत असतं आणि पायवाटेचा साकव त्यासाठी बांधलेला नसतो.
- ओल: कुणग्यात टाच दाबून उभे राहा. पाय घोट्यापर्यंत गेला तर यंत्र रुतण्याची भीती आहे. कर्ली खाडीलगतच्या खाजणात आणि पाणथळ मळ्यात वरचा थर सुकलेला दिसतो, पण खाली चिखल तसाच असतो. तिथे काठी खुपसून बघा.
- आकार: दोन गुंठ्यांचा वाकडा कुणगा कापताना यंत्राचा निम्मा वेळ वळण्यात जातो. लांबट आणि सलग कुणगे आधी निवडा.
- अडथळे: जांभ्याचे दगड, तोडलेल्या झाडांची खोडं, कुंपणाच्या तारा, खाली लोंबणारी विजेची तार. प्रत्येक जागी लाल फडकं बांधलेली काठी रोवा. वीज कंपनीची तार खाली आली असेल तर तक्रार आधीच नोंदवा. कापणीच्या दिवशी बांबूने तार वर धरण्याचा प्रकार जिवावर बेततो.
- पडलेलं भात: आडवं झालेलं भात यंत्र कापतं, पण सावकाश आणि नुकसानीसह. असे कुणगे वेगळे मोजा.

तुमच्यासाठी कोणता पर्याय?

१. पट्ट्यांचा हार्वेस्टर. रबरी पट्ट्यांमुळे वजन पसरतं आणि ओलसर जमिनीत तो चाकांच्या यंत्रापेक्षा कमी रुततो. कापणी, मळणी, पाखडणी एका फेरीत होते. सलग मळा आणि यंत्राला पुरेशी वाट असेल तर हाच निवडा.

२. चाकांचा मोठा हार्वेस्टर. पंजाबकडून देशभर फिरणारी ही यंत्रं मोठ्या, सपाट, कोरड्या शेतांसाठी आहेत. आपल्या मेरा, वळणं आणि ओल पाहता तो नकोच.

३. रीपर आणि मळणी यंत्र. माणसाने मागून चालवायचा रीपर भात कापून एका बाजूला ओळीत आडवं टाकतो. मग भारे बांधून खळ्यात मळणी करायची. वाट अरुंद असेल किंवा गवत अख्खं हवं असेल तर वालावलसारख्या गावात बऱ्याच घरांना हीच जोडी बसेल.

४. विळा आणि मळणी यंत्र. दोन-चार कुणगे असतील, भात आडवं झालं असेल किंवा जमीन चिखलाची असेल तर विळाच खरा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळा वापरा. तो वजनाला हलका आहे आणि त्याला वारंवार धार लावावी लागत नाही.

५. ट्रॅक्टरमागे ओढायचा जुना कंबाइन. स्वयंचलित यंत्रं रुळण्याआधी परदेशात अशी यंत्रं खूप चालली. काही हौशी लोक ती अजून जपतात आणि मक्यासारखी पिकं त्यांनी काढतात. भंगारात किंवा लिलावात असं यंत्र स्वस्तात दिसलं तरी भातमळ्यासाठी घेऊ नका. पुढे ट्रॅक्टर आणि मागे यंत्र, एवढी लांबी कुणग्यात वळत नाही. शिवाय बाजूला ओढायचं यंत्र असेल तर पहिल्या फेरीत ट्रॅक्टर उभ्या पिकावरून जातो; त्यासाठी कडेची पट्टी आधी हाताने कापावी लागते.

गवताचा हिशेब विसरू नका

कापणीचा खर्च मोजताना गवताचं मोल बहुतेकदा राहून जातं. साधा हार्वेस्टर अख्खं ताट पोटात घेतो आणि चुरगळलेलं, तुटकं गवत मागे टाकतो. ते वेचायला मजुरी लागते. पावसाची सर आली तर ते कुजतं आणि गुरं तोंड लावत नाहीत.

आपल्याकडे गवत फक्त गोठ्यात जात नाही. चैत्र-वैशाखात आंब्याची अढी घालायला आणि पेट्या भरायला लांब, स्वच्छ गवत लागतं. तुमच्या घरी गुरं किंवा आंब्याची बाग असेल तर पुढच्या तिन्ही वाटा तपासा.

- फक्त लोंब्या मळणीत घेऊन ताट अख्खं सोडणारा हार्वेस्टर जवळपास मिळतो का ते विचारा.
- निम्मा मळा यंत्राने, निम्मा रीपरने किंवा हाताने कापा आणि वर्षाचं गवत त्या निम्म्यातून काढा.
- यंत्राने कापल्यावर गवताचे गठ्ठे बांधणारं यंत्र मिळत असेल तर तो खर्चही आधीच धरा.

गवत विकत घ्यावं लागलं तर किती पैसे जातील ते काढा आणि यंत्राच्या भाड्यात मिळवा. बेरीज मजुरीपेक्षा जास्त झाली तर यंत्र महाग पडलं असं समजा.

तास की गुंठा?

दर दरवर्षी आणि गावागावाला बदलतो, म्हणून हिशेबाची रीत लक्षात ठेवा: तासाचा दर भागिले तासात कापून होणारे गुंठे. समजा, तासाला २,४०० रुपये ठरले. सलग मळ्यात तासाला ४० गुंठे झाले तर गुंठ्याला ६० रुपये पडतात. तुटक कुणग्यांत तासाला २० गुंठेच झाले तर तेच काम १२० रुपयांना पडतं. यंत्र तेच, दरही तोच, पण खर्च दुप्पट.

म्हणून लहान कुणगे असलेल्यांनी दर गुंठ्यावर मागावा. मालक तासावरच अडला तर पहिल्या तासात किती गुंठे झाले ते मोजा आणि त्यावरून पुढचं ठरवा. यंत्रावर तासांचा आकडा दाखवणारं मीटर असतं. सुरू करताना आणि थांबवताना त्याचा फोटो काढा.

एक पानाची चिठ्ठी करा

तोंडी बोलीतून भांडणं होतात. साध्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन एवढं लिहा:

- तारीख, गट क्रमांक आणि अंदाजे गुंठे
- दर तासाचा की गुंठ्याचा, डिझेल कोणाचं
- ट्रेलरवरून यंत्र आणायचं भाडं किती, आणि ते किती घरांत वाटायचं
- यंत्र रुतलं, बिघडलं किंवा पाऊस आला तर तो वेळ मोजायचा नाही
- फोडलेली मेर कोण बांधून देणार
- चालक आणि मदतनीस यांची मजुरी व जेवण कोणाकडे
- आगाऊ रक्कम किती. यंत्र ठरल्या दिवशी आलं नाही तर ती किती दिवसांत परत

पैसे शक्यतो खात्यावरून द्या. रोख दिलेत तर त्याच कागदावर पोच घ्या.

कापणीच्या आधीचे दहा दिवस

१. दाणा घट्ट होऊ लागला की मेरेला वाट काढून पाणी सोडून द्या. जमीन आवळायला आठ-दहा दिवस लागतात.
२. लोंबीतले शंभरातले ऐंशी ते पंचाऐंशी दाणे पिवळे झाले की भात कापायला आलं. पूर्ण वाळायची वाट पाहिली तर दाणे गळतात आणि भरडताना कणी वाढते.
३. हवामान खात्याचा अंदाज रोज बघा. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस ‘क्यार’ चक्रीवादळाच्या पावसाने कोकणात कापून पसरलेलं भात भिजून रुजलं. पाऊस दिसत असेल तर कापून ठेवण्यापेक्षा उभं भात बरं.
४. बियाण्यासाठी एक चांगला कुणगा बाजूला काढा आणि तो हाताने कापा.
५. कोपरे आणि मेरेलगतची पट्टी विळ्याने कापून घ्या. यंत्राला वळायला जागा होते आणि भात चेंगरत नाही.
६. ताडपत्र्या, गोणी आणि वाळवणाची जागा आधी तयार ठेवा. यंत्र एका दुपारी इतकं भात काढतं की घरचं खळं पुरत नाही.

हाताने कापणाऱ्यांनी घोणस आणि फुरशांपासून जपावं. गमबूट घाला, भारा उचलण्याआधी काठीने हलवा. चिखलात काम केल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका. आपल्या जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात, म्हणून शेतात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

यंत्र मळ्यात उतरल्यावर

आधी साफसफाई मागा. दुसऱ्या शेतातलं भात आणि तणाचं बी यंत्राच्या टाकीत व कोनाकोपऱ्यात राहतं. ते तुमच्या भातात मिसळलं की पुढच्या वर्षी भेसळ उगवते. यंत्र रिकामं फिरवून झाडून घ्या, आणि पहिलं थोडं भात बियाण्यात घेऊ नका.

पहिला कुणगा चाचणीचा समजा. एक फेरी झाली की यंत्र थांबवा आणि त्याच्या मागची एक फूट लांब, एक फूट रुंद जागा गवत बाजूला करून बघा. हजार दाण्यांचं वजन साधारण २५ ग्रॅम धरलं तर तिथले ३७ दाणे म्हणजे गुंठ्याला सुमारे एक किलो भात मातीत. चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. न कापलेल्या भागात आधीच गळलेले दाणे त्यातून वजा करा.

लक्षणावरून चालकाला सांगा.

- टाकीत तुटलेले, सोललेले दाणे दिसले: मळणीच्या ड्रमचा वेग कमी करायला किंवा जाळीतलं अंतर वाढवायला सांगा.
- गवताला दाणे चिकटून राहिले: ड्रमचा वेग थोडा वाढवायला किंवा अंतर कमी करायला सांगा.
- मागे भरलेले दाणे उडतात: पंख्याचा वारा कमी करा, यंत्र सावकाश चालवा.
- टाकीत फोलपट फार: वारा वाढवा.
- पातीपुढेच दाणे गळतात: पुढचा फिरता फाळका फार जोरात फिरतो आहे किंवा भात फार वाळलं आहे.

दव उतरल्याशिवाय सुरुवात करू देऊ नका. ओल्या ताटाने यंत्र तुंबतं. तुंबलेलं यंत्र इंजिन बंद केल्याशिवाय कोणीही हाताने मोकळं करायचं नाही. मुलांना मेरेवर उभं करू नका.

मळणी यंत्र वापरत असाल तर त्याचं तोंड बघा. भारतीय मानकानुसार भात सारायचं पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब असावं आणि त्यातलं ४५ सेंटिमीटर वरून झाकलेलं असावं. आखूड, उघड्या पन्हळीचं यंत्र भाड्याने घेऊ नका. सैल बाह्या, ओढणी, पदर, कडी काहीही लोंबतं ठेवू नका.

कापल्यानंतरचे चोवीस तास

हाताने कापलेलं भात दोन-तीन दिवस मळ्यात सुकतं. हार्वेस्टरमधून येणाऱ्या दाण्यात साधारण २० ते २२ टक्के ओल असते. ते गोणीत भरून ठेवलं तर आतून तापतं, तांदूळ पिवळा पडतो आणि वास येतो. म्हणून:

- त्याच दिवशी ताडपत्रीवर दोन-तीन बोटं जाडीचा थर पसरा.
- तासा-तासाने हात फिरवा. रात्री आणि सर आली की झाका.
- कडक उन्हात एका दिवसात घाईने वाळवू नका, दाण्याला तडा जातो. उकडा तांदूळ करणार असाल तर तड्याचा त्रास कमी होतो, पण सुरयेला मात्र कणी फार पडते.
- साठवणीसाठी ओल १२ ते १४ टक्क्यांवर आणा. घरची परीक्षा: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर भात आणि चमचाभर सुकं मीठ घालून हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर भात अजून ओलं आहे.

आधारभूत दराने विकणार असाल तर खरेदी केंद्रावर ओलीची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. २०२५-२६ साठी साध्या भाताला क्विंटलमागे २,३६९ रुपये आणि ‘अ’ दर्जाला २,३८९ रुपये दर जाहीर झाला. नोंदणी, सातबारा, ई-पीक पाहणी आणि बँक खातं यांची तयारी कापणीआधी करा. सातबारा सामाईक असेल तर हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. मुंबईतल्या भावकीकडून ते गणपतीतच सही करून घ्या.

मका असेल तर

भातानंतर काही गुंठे मका करणाऱ्यांनी भाताचाच हार्वेस्टर त्यात घालू नये. मक्याला पुढची पात वेगळी लागते, ड्रमचा वेग बराच कमी आणि जाळीतलं अंतर जास्त लागतं. थोड्या क्षेत्राला कणसं हाताने मोडा, सालं काढून वाळवा आणि सोलणी यंत्र भाड्याने आणा. ओला मका साठवला तर बुरशी येते आणि त्या बुरशीचं विष गुरांना व माणसांना घातक असतं. काळा-हिरवा पडलेला मका कोंबड्यांनाही घालू नका.

जुनं यंत्र मिळून घ्यायचं असेल तर

- इंजिन आणि चॅसी क्रमांक कागदांशी जुळवा. कर्जाचा बोजा उतरलेला आहे का ते बघा.
- रबरी पट्टे, पातीचे दात, साखळ्या, बेअरिंगं आणि बेल्ट आज बाजारात मिळतात का ते खरेदीआधी विचारा. सुटा भाग मिळत नसलेलं यंत्र ऐन कापणीत बंद पडतं.
- भरल्या मळ्यात चालवून बघा. अंगणात इंजिन चालू होणं ही परीक्षा नव्हे.
- अनुदान हवं असेल तर जुनं यंत्र चालत नाही. नव्या यंत्रासाठी महाडीबीटीवर अर्ज करा आणि पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नका. कृषी यांत्रिकीकरणात लहान, सीमांत, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान, ठरलेल्या कमाल रकमेच्या आत मिळतं. गटाला अवजारे बँकेचा पर्यायही आहे.

तुमचे हक्क

- वाट: शेजाऱ्याच्या बांधावरून शेतात जाण्याचा हक्क मागायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. चालू वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ चा आधार आहे. मे २०२५ च्या शासन निर्णयात यंत्रांसाठी तीन ते चार मीटर रुंद शेतरस्ता आणि त्याची सातबाऱ्यावर नोंद यांची तरतूद आहे. आधी मात्र शेजाऱ्याशी गोडीत बोला. एकाच दिवशी दोघांची कापणी ठरली तर अर्जाची वेळ येत नाही.
- जीएसटी: शेतकऱ्याच्या कापणी-मळणीच्या कामाला आणि शेती अवजारांच्या भाड्याला जीएसटीची सूट आहे. बिलात तो लावला तर विचारा.
- फसवणूक: आगाऊ पैसे घेऊन यंत्र आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. इथे चिठ्ठी आणि पोच कामाला येतात.
- पावसाने नुकसान: भात हलवण्याआधी फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना लेखी कळवून पंचनामा मागा. सरकारी मदतीसाठी ३३ टक्के किंवा जास्त नुकसान लागतं. पीकविमा काढला असेल तर कापून पसरलेल्या पिकाला संरक्षण आहे का हे त्या हंगामाच्या अधिसूचनेत बघा. नियम बदलत असतात. केंद्राची पीकविमा हेल्पलाइन १४४४७.
- अपघात: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच करा.

पुढच्या कापणीची बोलणी पेरणीआधी

यंत्र एका दिवशी यायचं तर भातही एका दिवशी तयार हवं. एका कुणग्यात हळवं आणि शेजारी गरवं असेल तर यंत्राच्या दोन फेऱ्या लागतात. म्हणून मे महिन्यात मळ्यातल्या सगळ्यांनी बसून एकाच मुदतीचं वाण ठरवा. उंचावरच्या भरडाला हळवं, मध्यम जमिनीला निमगरवं आणि पाणथळ मळ्याला गरवं, हा जुना क्रम तसाच ठेवा. वाणांसाठी किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्र किंवा फोंडाघाटचं कृषी संशोधन केंद्र गाठा.

त्याच बैठकीत दोन माणसं नेमा: एक यंत्रवाल्याशी बोलणारा, एक हिशेब ठेवणारा. गुंठ्यांची यादी त्याच दिवशी लिहा, वाटेवरची झुडपं पावसाआधी तोडा, आणि जिथे मेर फोडावी लागणार ती जागा मालकाच्या संमतीने ठरवून ठेवा. मनुष्यबळ कमी होत जाणार हे आता आपण सगळे जाणतो. भातमळा पड टाकायचा नसेल तर कापणी वाडीने एकत्र करायला हवी, आणि ती एकी ऑक्टोबरात धावपळ करून होत नाही. ती मेमध्येच करा.